बावीस जेवणं आणि एक बाक

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मी एकदा कॅनडातल्या समुद्रकाठच्या शहरांची सतरा दिवसांची सहल आखली होती. तीत अकरा घरं होती, बावीस जेवणं होती, एक बारसं होतं, एका सत्यनारायणाचा प्रसाद होता, आणि समुद्र एकदाही नव्हता. बरं, मी काही अडाणी बाई नव्हे. पुण्यातल्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. खाडी म्हणजे काय, आखात म्हणजे काय, सामुद्रधुनी कशाला म्हणतात, हे माझ्या मुली झोपेतून उठवलं तरी सांगायच्या. शाळेच्या सहली आखणारीही मीच. साठ मुली, दोन बस, चार बाई, आणि रायगडावर कोण कोणाच्या मागे चढणार याचासुद्धा तक्ता. अशी ही तक्तेवाली बाई समुद्राच्या सहलीतून समुद्रच गाळते, तेव्हा तिच्या पेन्शनचा पुनर्विचार करायला हवा होता.

आत्मचरित्र लिहिणारी माणसं वाढीची वर्षं म्हणून परकर-पोलक्यापासून सुरुवात करतात. तो भाग मागच्या प्रकरणांत उरकला आहे. पण खरं सांगायचं तर त्या काळात मी नुसती उंच झाले. वाढले ती बासष्टाव्या वर्षानंतर, न्यूझीलंडमध्ये मुलाकडे येऊन राहिल्यावर. इथे मला नव्याने रस्ता ओलांडायला शिकावं लागलं. कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणायचं आणि तिथे दूध ही सगळ्यांत मागची वस्तू असते, हे शिकावं लागलं. दुकानातल्या मुलीने 'हाऊ आर यू' विचारलं की खरं उत्तर द्यायचं नसतं हेही. पहिले सहा महिने मी तिला गुडघ्यांबद्दल सविस्तर सांगत असे, मागे रांग लागलेली असताना. ती बिचारी 'ऑ, दॅट्स हार्ड' म्हणायची आणि माझ्या कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी राहायची. हे प्रकरण त्या दुसऱ्या बालपणातलं आहे, आणि त्यातली मुलगी चौसष्ट वर्षांची आहे.

सुरुवातीला आम्ही ख्राइस्टचर्चला होतो. भूकंपानंतर तिथे इमारती तपासणाऱ्या इंजिनिअरांची गरज होती आणि आमची सून स्नेहल नेमकी त्या कामातली. ज्या इमारतींना जाळी लावून लोकांना मज्जाव केलेला असे, त्यांत ही पोर डोक्याला हेल्मेट चढवून शिरायची आणि कुठली भिंत राहील, कुठली जाईल ते लिहून बाहेर यायची. संध्याकाळी घरी आली की केसांतून सिमेंटची धूळ पडायची. मी विचारायचे, "डबा खाल्लास का?" ती म्हणायची, "हो आई." त्या भूकंपाबद्दलचं आम्हा दोघींमधलं सगळं बोलणं एवढंच. माझी नात ईरा तेव्हा लहान होती, तिला सांभाळायला म्हणून मी आणि 'हे' आलो आणि राहूनच गेलो. 'हे' म्हणजे अण्णा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, ट्रंक कॉलच्या जमान्यातला माणूस. मुलगा प्रसाद कॉम्प्युटरवाला. त्याचं ऑफिस वेलिंग्टनला गेलं तसं आमचं बिऱ्हाडही जॉन्सनव्हिलला आलं. स्नेहलला इथेही तेच काम मिळालं. जुन्या इमारती पुढच्या भूकंपात टिकतील का ते सांगायचं. म्हणजे अख्खं शहर तिला रोज एकच प्रश्न विचारायचं.

जॉन्सनव्हिलचं ते घर उतारावर आहे. मी आजही त्याच घरात, त्याच खिडकीशी बसून लिहिते आहे. वारा सुटला की पत्र्याचं छप्पर असं वाजतं की वाटावं वर कोणीतरी परातीत तांदूळ पाखडतंय. सहलीची आखणी झाली ती एप्रिल-मे मधली, इथली शरदातली गोष्ट. त्या दिवसांत शेजारीपाजारी फिजोआच्या पिशव्या दारात ठेवून पळून जातात. हिरवं, लिंबाएवढं फळ, वास पेरूच्या आणि अत्तराच्या मधला. झाडाला इतकं लागतं की लोकांना आवरत नाही. मी त्याची गूळ आणि मेथी घालून चटणी करायचे. अण्णा म्हणायचे, छुंद्यासारखी लागते. ईरा म्हणायची, "आजी, इट्स स्वीट ॲज." इथल्या बोलीत ही 'झकास' अशी प्रशंसा आहे हे मला एक वर्षाने कळलं. तोवर मी प्रत्येक वेळी गूळ कमी करत होते.

तर अशाच एका संध्याकाळी, चटणीचा ठसका घरभर असताना, स्नेहलने जेवणाच्या टेबलाशी विषय काढला. तशी ती विषय काढणारी नव्हे. आम्ही काढलेले विषय ती निस्तरायची. "जुलैमध्ये ईराला दोन आठवडे सुट्टी आहे," ती म्हणाली. "इथे थंडी, पण तिकडे उन्हाळा. आपण कॅनडाला जाऊ या का? समुद्राकाठची शहरं फक्त. व्हँकुव्हर, तिथून बोटीने व्हिक्टोरिया, आणि मग पार पलीकडच्या किनाऱ्यावर हॅलिफॅक्स."

"समुद्र तर इथेही आहे की गं," मी म्हटलं. "बसने अर्धा तास."

"आहे ना. पण इथे बसलं की कोणीतरी ओळखीचं भेटतंच," ती म्हणाली आणि पोळी वाढायला उठली.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला त्या क्षणी एवढंच सुचलं की हिला ओळखीची माणसं कमी पडतायत. माणसाच्या डोक्यात एकदा उलटी सुई शिरली की सगळं उलटंच शिवलं जातं.

पुढचे पंधरा दिवस घरात नुसता उत्साह. स्नेहलने कॉम्प्युटरवर रकाने केले. विमानं, बोटी, खोल्या. अण्णांनी कपाटातून जुनं घड्याळ काढलं, त्याला चावी दिली, व्हँकुव्हरची वेळ लावली आणि उजव्या मनगटावर बांधलं. डाव्यावर आपलं नेहमीचं. जेवताना ते मध्येच उजवा हात वर करून म्हणायचे, "तिकडे आता रात्रीचा एक." जणू तिकडे कोणाला उठवायचं होतं. ईराला देवमासे बघायचे होते. आणि स्नेहलने व्हँकुव्हरमध्ये पाण्याच्या अगदी कडेला एक हॉटेल शोधलं होतं. जुनं, लहानसं. तिथल्या बाईने फोनवर दोन खोल्या राखून ठेवल्या होत्या, सोमवार संध्याकाळपर्यंत. पक्कं कळवायचं काम प्रसादकडे. त्यातल्या एका खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, हे स्नेहलने मला तीनदा सांगितलं. तीनदा सांगितलेली गोष्ट महत्त्वाची असते हे मी एकतीस वर्षं मुलींना बजावलं होतं. असो.

मग मी कुसुमला फोन केला. कुसुम माझी मावसबहीण, व्हँकुव्हरजवळ सरे नावाच्या गावात चाळीस वर्षं राहिलेली. आवाज अजून खणखणीत, पलीकडच्या खोलीतला माणूस दचकावा असा.

"हॉटेलात?" ती ओरडली. "नले, हॉटेलात उतरणार तुम्ही? का, आम्ही मेलो का?"

बाकी जगात या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं असेल. आपल्यात या प्रश्नाचं उत्तर 'बरं, येतो' असं असतं. मी म्हटलं, बरं, येतो. चार रात्री राहतो. झालं, धरणाचं एक दार उघडलं. कुसुमकडे राहायचं तर तिच्या धाकट्या जावेकडे जेवायला जायलाच हवं, नाहीतर ती वर्षभर कुसुमशी बोलणार नाही. जावेकडे जायचं तर जावेचा भाऊ समोरच राहतो, त्याच्या नातवाचं बारसं नेमकं त्याच आठवड्यात. व्हिक्टोरियाला अण्णांच्या जुन्या साहेबांची मुलगी निघाली. हॅलिफॅक्सला आपलं कोण असणार असं वाटलं होतं, पण तिथे माझ्या दिराचे व्याही निघाले आणि व्याह्यांचे शेजारी मिरजेचे निघाले. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. रोज सकाळी स्नेहल-प्रसाद कामावर आणि ईरा शाळेत गेली की मी फोन घेऊन बसायचे आणि दुपारपर्यंत दोन घरं जिंकायचे. तक्ता मी कॅलेंडरच्या पानामागे केला. तारीख, घर, पदार्थ. कुसुमकडे पुरणपोळी. जावेकडे भरली वांगी, अण्णांना बिनलसणीची. व्याह्यांकडे आमरस, डब्यातला का होईना. यातलं एकही घर समुद्राजवळ नव्हतं. आपली माणसं घर घेताना शाळा बघतात, गराज बघतात, पाणी कुठे साचतं ते बघतात. लाटा बघायला त्यांना वेळ कुठला?

हे सगळं मी गुपित ठेवलं होतं, कारण मला सुनेला चकित करायचं होतं. शनिवारी प्रसादला तेवढं बाजूला घेतलं. "त्या हॉटेलला कळवू नकोस. आपली राहायची सोय झालीय."

"स्नेहलला माहितीये?"

"उद्या सांगणारच आहे. तिला किती बरं वाटेल बघ. सतरा दिवस एकही भांडं घासायला नको."

त्याने मान डोलावली आणि परत लॅपटॉपमध्ये गेला. माझ्या मुलाचा स्वभाव माझ्या सोयीचा आहे. मी जे सांगेन त्याला मान डोलावतो आणि मग बायको जे सांगेल त्यालाही. ही मान मी लहानपणी थोडी कमी हलवायला शिकवायला हवी होती.

रविवारी रात्रीच्या जेवणाला मी मुद्दाम बेत केला. मसालेभात, इथल्या पुकेकोहे गावच्या बटाट्यांची भाजी, घारगे. आणि ताटं वाढून झाल्यावर पदराआडून कॅलेंडरचं पान काढून स्नेहलच्या हातात दिलं. तिने ते वाचलं. वरून खाली, मग पुन्हा वरून. इमारतीचा नकाशा वाचावा तसं. मी एकेक घर समजावून सांगत होते. कोण कोणाचं कोण, कुठे काय जेवण.

"छान केलंत आई," ती म्हणाली. "खूप फोन करावे लागले असतील."

आणि तिने पानाची घडी घातली, मग तिची आणखी एक घडी, आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर घासायला लागली. जेवण अर्धं ताटात. कुकर मी मघाशीच घासला होता.

ईराने घडी उलगडली. तिला मराठी सगळं समजतं, माझं अक्षरही ती लावते, उत्तर मात्र इंग्रजीत. बोट फिरवत फिरवत ती शेवटपर्यंत आली, पान उलटं केलं, मागे एप्रिल महिना होता.

"आजी, व्हेअर इज द सी? इज इट ऑन अनदर पेज?"

अण्णांनी उजवा हात उचलला, घड्याळाकडे पाहिलं, आणि शहाणपणाने खाली ठेवला.

रात्रभर मी माझ्या बाजूने वाद घातला, कारण समोर कोणी नव्हतं. इतका आटापिटा केला तो कोणासाठी? आमच्या काळी सासूने असं काही केलं असतं तर... वगैरे. हा 'आमच्या काळी' नावाचा काळ मी बारकाईने तपासला आहे आणि तो कधी नव्हताच, पण त्या वयात मला त्याचा फार आधार होता.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाडीचा आवाज आला. आता इथे मला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल, ती पहिल्या चुकीपेक्षाही जास्त लाजेची आहे. स्नेहल रोज गाडी दारात लावायची आणि लगेच उतरायची नाही. आतच बसून राहायची. मला वाटायचं, फोनवर बोलत असेल. आणि मी, प्रेमळ सासू, चहा टाकून बाहेर जायचे आणि गाडीच्या काचेवर टकटक करायचे. "चल गं, चहा झालाय!" ख्राइस्टचर्चपासून, रोज, न चुकता. माझ्या मते ते मायेचं काम होतं.

त्या सोमवारी मी काचेशी गेले आणि हात वर केला. अंधारायला लागलं होतं. आत तिच्या हातात फोन नव्हता. दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर, आणि डोळे मिटलेले. बाहेर वारा इतका होता की माझा पदर गाडीच्या आरशाला गुंडाळत होता, आणि आत ती अशी बसली होती जशी देवळात बाई बसते, घंटा वाजवून झाल्यावर. माझा हात काचेपाशी पोचला आणि तिथेच राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी टकटक केली नाही.

तिनेच डोळे उघडले. मला बघून दचकली आणि पलीकडचं दार उघडलं. मी आत जाऊन बसले. दार लावल्याबरोबर वारा बाहेर राहिला. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती.

"चहा झाला का?" तिने विचारलं.

"नाही टाकला," मी खोटं बोलले. आत चहा उतू जात होता. "स्नेहल, त्या व्हँकुव्हरला काय आहे गं?"

तिने थोडा वेळ स्टिअरिंगवरची शिवण नखाने उकरली. मग म्हणाली, "मी तिथे कॉन्फरन्सला गेले होते, आठवतं? तीन दिवस एका हॉलमध्ये, खिडकी नसलेल्या. शेवटच्या दिवशी विमानाला वेळ होता, म्हणून पाण्याच्या कडेने एक वाट आहे तिच्यावर चालत गेले. एका बाकावर बसले. गाडीवरून सँडविच घेतलं होतं. दुसऱ्या कोणीतरी केलेलं. वीस मिनिटं बसले, आई. कोणी हाक मारली नाही. समोरच्या एकाही इमारतीची जबाबदारी माझ्यावर नव्हती. एवढंच. फार वेडेपणाचं आहे."

"मला सांगितलं होतंस का हे?"

"आल्या आल्या सांगितलं होतं."

"मग मी काय म्हणाले?"

ती हसली. "तुम्ही विचारलंत, 'सँडविचने पोट भरलं का?'"

मी गप्प बसले. माझ्या मानाने ही घटनाच म्हणायची.

"जाऊ दे आई," ती म्हणाली. "खोलीची मुदत आज संपतेय. आणि आता ती सगळी माणसं वाट बघणार. मला तुम्हाला तोंडघशी पाडायचं नाही. चला, तुमचा चहा उतू जातोय, इथवर वास येतोय."

मंगळवारी सकाळी सात वाजता मी अण्णांसमोर बसून रडले. आता हसू येतं, पण तेव्हा मी खरंच रडले. सोमवार गेला, खोली गेली, आणि त्या पोरीचा बाक मी बावीस जेवणांखाली गाडला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग संथपणे उजव्या हाताची बाही वर केली.

"अगं बाई, तिथे अजून सोमवारच आहे. दुपारचे बारा वाजलेत. तू भूगोल शिकवायचीस ना?"

या पृथ्वीच्या गोल असण्याबद्दल मी हजारो मुलींना सांगितलं, पण तिचे आभार मानायची वेळ माझ्यावर त्या दिवशी आली. चूक झाल्यावर सगळ्यांनाच वाटतं की कालच्या दिवसात परत जाता आलं असतं तर! आम्ही असल्या टोकाच्या देशात राहतो की मला ते फोन करून जमलं.

प्रसाद तोंडात ब्रश घेऊन उभा होता. त्याला म्हटलं, तू बोलू नकोस, कार्ड तेवढं आण. नंबर अण्णांनी फिरवला, जुन्या सवयीने उभे राहून. पलीकडे कोणी वयस्क बाई होती.

"माय सन डिड नॉट कॉल," मी सुरुवात केली. "आय टोल्ड हिम, डोन्ट कॉल. मिस्टेक इज माइन. प्लीज गिव्ह रूम्स."

"दॅट्स ऑल राइट, डिअर," ती म्हणाली. "वन विथ द व्ह्यू, अँड वन ओव्हर द कार पार्क?"

"विंडो हॅज फुल सी?"

"फुल सी," ती म्हणाली. हसत होती बहुतेक.

"व्ह्यू फॉर माय डॉटर-इन-लॉ अँड सन. कार पार्क फॉर मी. आय लाइक कार्स."

हे शेवटचं वाक्य का बोलले कोण जाणे. प्रसादच्या तोंडातली पेस्ट शर्टावर पडली. पण मग त्याने ब्रश बाजूला ठेवला आणि कितीतरी दिवसांनी माझ्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला.

खोली मिळाली, पण अकरा घरं उरली होती, आणि आपल्यात जेवायला येतो म्हणून सांगितल्यावर 'येत नाही' म्हणणं हा गुन्हा आहे. आजारपण सांगावं तर लोक भेटायला येतात. वेळ नाही सांगावं तर स्टेशनवर डबा घेऊन येतात. सुनेची इच्छा आहे असं सांगितलं असतं तर तिचं नाव दोन खंडांत झालं असतं, आणि ते मी मेले तरी करणार नव्हते. दोन दिवस मी डोकं खाजवलं. मग आठवलं, आमच्या जाण्याच्या आधी आषाढी एकादशी येते. चातुर्मास लागतो. चातुर्मासात आपल्या बायका काय काय नेम धरतात. कोणी मीठ सोडतं, कोणी पानावर जेवतं. माझी आजी परान्न सोडायची, म्हणजे चार महिने दुसऱ्याच्या घरचा घास नाही. आणि नेमाच्या आड कोणी येत नाही. देवाला घाबरतात म्हणून नव्हे. आड आलं तर चार जणी काय म्हणतील त्याला घाबरतात.

"तू आणि नेम?" कुसुम फोनवर म्हणाली. "नले, तू आजीच्या उपासाच्या दिवशी माळ्यावर बसून तिचे लाडू खायचीस."

"म्हणून तर आता धरलाय. फेडायचं वय झालं."

"आणि हॉटेलातलं चालतं वाटतं नेमाला?"

"विकतचं परान्न नसतं. शास्त्र आहे." असं शास्त्र कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

मग तिचा खणखणीत आवाज एकदम उतरला. "सुनेसाठी करतेयस ना हे?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कर," ती म्हणाली. "माझ्या सुनेसाठी मी काही केलं नाही. ती आता टोरांटोला असते. मी भेटायला येईन त्या हॉटेलापाशी. हातात काही आणणार नाही." आणि खरोखरच ती जुलैत आली, रिकाम्या हाताने, आणि कार पार्कसमोर उभी राहून माझ्याशी दोन तास बोलली. चाळीस वर्षांत रिकाम्या हाताने आलेली कुसुम मी एवढीच पाहिली. त्या भेटीसाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे.

बाकीच्या दहा घरांनी मुकाट्याने मान्य केलं, दोघींनी तर कौतुक केलं. पण देव बघत असतो म्हणतात ते खोटं नाही. खोटा धरलेला नेम मोडायचा नाही एवढी लाज मला होती, म्हणून तो मी खरा पाळला, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. त्या वर्षी जॉन्सनव्हिलच्या घराघरांतल्या गणपतींना मी गेले आणि वीसेक तऱ्हेच्या मोदकांकडे नुसतं बघून परत आले. लोक मला फार धार्मिक समजायला लागले. अजून समजतात. अण्णा मात्र प्रत्येक घरी माझ्या वाटणीचे मोदक डोळ्यांदेखत खायचे आणि वर म्हणायचे, "नेम तुझा आहे, माझा नाही."

एक आणखी बदल त्या मे महिन्यातच झाला. मी काचेवर टकटक करणं सोडलं. गाडी आली की चहाची पातेली खाली उतरवायची आणि पुन्हा ठेवायची ती दार वाजल्यावर. त्या वीस मिनिटांत मी ईराला गप्प बसवायला शिकले आणि तिच्या आधी स्वतःला. दुसरं जास्त कठीण गेलं.

सहलीचं वर्णन मी करणार नाही. देवमासा दिसला, शेपटीपुरताच. व्हिक्टोरियाच्या बोटीवर अण्णांनी दोन्ही घड्याळं जुळवून पाहिली आणि कप्तानाला भेटायचा हट्ट धरला. हॅलिफॅक्सला धुकं होतं. पण व्हँकुव्हरची पहिली सकाळ सांगायला हवी. अण्णा, प्रसाद आणि ईरा बोटी बघायला गेले. स्नेहल त्या वाटेने निघाली आणि मी तिच्यामागे, बरंच अंतर ठेवून. तिला तो बाक सापडला. मी गाडीवरून एक सँडविच घेतलं, तिच्या हातात दिलं आणि काही न बोलता पुढच्या बाकावर जाऊन बसले. तिच्या आणि माझ्या मध्ये एक कचऱ्याचा डबा आणि दोन समुद्रपक्षी होते. पाणी अगदी जवळ होतं, लाट म्हणावी अशी नव्हतीच, नुसतं काठाला लागून मागे जात होतं. ऊन होतं. मी शहाण्यासारखी समोर बघत बसले. तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं की तिने सँडविचचे दोन तुकडे केले, उठली, आणि माझ्या बाकापाशी आली. मी म्हटलं, "अगं, तू बस तिकडे, मी ठीक आहे." ती माझ्या शेजारी बसली. अर्धा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली,

"घ्या आई, सुनेचं परान्न होत नाही. आणि आता वीस मिनिटं एक शब्द बोलू नका."